जयवंतीकाकींचा रहाट

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. उठून गेलेल्या एका वस्तीची गोष्ट सांगतो. मी एक जुना रहाट आहे.

लढाईच्या दिवसांत बाजारात धान्य मिळेनासे झाले, तेव्हा वसईतल्या वटार गावापलीकडच्या, समुद्राकाठच्या पडीक रेताडात काही कुटुंबे येऊन राहिली. त्यांनी झुडपे तोडली, विहीर खणली. पाणी गोड लागले! जयवंतीकाकींनी पहिली ओंजळ देवाला वाहिली आणि दुसरी शेजारच्या आलोशियसच्या हातावर ओतली. मग मला उभे केले. बैल गोल फिरायचा, माझी गाडगी भरून वर यायची, पाटात रिकामी व्हायची. रेतीत केळी डोलू लागल्या.

काकींचा एक नेम होता. एकादशीला मला कुणी हलवायचे नाही.

आलोशियस म्हणायचा, "काकी, तुमची एकादशी, माझा रविवारचा आयतवार. असा सुखी बैल सगळ्या वसईत नसेल!"

"बैलासाठी नाही रे. विहिरीला भरायला वेळ नको?"

एकादशीच्या संध्याकाळी विहिरीच्या काठी कीर्तन असायचे. बुवांच्या अभंगाला आलोशियस आपल्या घुमटावर, त्या मातीच्या वाद्यावर, ताल धरायचा. माझी ओली लाकडेसुद्धा तृप्त व्हायची, मित्रांनो.

स्वराज्य आले, तसे काकींच्या मुलाने, विद्याधरने, पाण्याचे इंजिन आणले. मला बाजूला सारले. पुढच्या एकादशीला काकी आडव्या आल्या.

"आई, इंजिनाला कसली एकादशी? ते काय साबुदाणा खातं?"

सगळे हसले. आलोशियसही हसला.

"इंजिन दमत नसेल रे," काकी म्हणाल्या, "पाणी दमतं."

इंजिन रोज धडधडत राहिले. विहीर तळाला गेली आणि रेतीखालून समुद्र आत झिरपला. एका सकाळी काकींनी ओंजळ ओठांना लावली नि तशीच सोडून दिली. पाणी खारट झाले होते.

केळी करपल्या. इंजिन बंद केले, नवस बोलले. पण गोडी परतली नाही. एकेक घर उठले. आलोशियस निघताना म्हणाला, "काकी, मी तरी हसायला नको होतं."

विद्याधरही गावात राहायला गेला. काकी मात्र हलल्या नाहीत. एकादशीला माझ्यापाशी बसून एकट्याच अभंग म्हणायच्या. एका एकादशीला त्यांचा आवाज आलाच नाही.

पुढे गावाने कुंपण घातले, घरांचे चौथरे राखले, बाग केली. मला रंग दिला. विद्याधर अजून येतो. विहिरीचे पाणी चाखतो, थुंकतो आणि निघून जातो.

मुलांनो, तुम्ही या, मला हौसेने फिरवा. फक्त एकादशीला आणि आयतवारी मला थांबू द्या. तेवढा वेळ विहिरीत वाकून बघा आणि आमच्या जयवंतीकाकींची आठवण काढा.