कडीवरची खोटी अक्षरं

मी एक लोखंडी क्रॉस, जर्मन सैन्याचं शौर्यपदक, बोलतोय, पण मान खाली घालून. मला माझी लाज वाटते, ते आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म पहिल्या महायुद्धात, जर्मनीतल्या ल्यूडेनशाइडच्या एका कारखान्यात झाला. काळ्या लोखंडाभोवती चांदीची चौकट आणि वर फितीसाठी कडी. या कडीवर कारखानदार आपलं अक्षर ठोकत. पण तेव्हा पदकांची इतकी घाई होती की माझी कडी कोरीच राहिली. माझ्यासारखे कोरे पुष्कळ होते.

मला मिळवलं वेंडेलिन नावाच्या सैनिकानं. चिखलात रुतलेला जखमी सोबती त्यानं पाठीवर टाकून आणला होता. घरी आल्यावर मात्र त्यानं मला एकदाही छातीवर लावलं नाही. मुलगी गेर्लिंडे फारच मागे लागली, तर मला तिच्या हातात द्यायचा आणि ती हकीकत सांगायचा, तीही अर्धीमुर्धी. ती ऐकता ऐकता माझ्या कडीवरून बोट फिरवत बसायची.

वेंडेलिन गेला, गेर्लिंडे म्हातारी झाली. तिचा मुलगा डेटलेफ याला पदकांचा नाद. त्याच्या पदकसंग्राहक मंडळाची बैठक खानावळीच्या मागच्या खोलीत भरायची. बिअरचे पेले बाजूला सारून ही मंडळी भिंगातून कड्या न्याहाळत. पदक कोणाच्या छातीवरचं, हे कोणी विचारत नसे. कारखाना कोणता, यावरून मात्र हमरीतुमरी व्हायची.

डेटलेफनं मोठ्या ऐटीत मला तिथे मांडलं. ऊवे नावाच्या सभासदानं भिंग लावलं आणि हसला.

"अरे, ठसाच नाही याला. आजोबांनी जत्रेत घेतला की काय?"

सगळे खो खो हसले. डेटलेफला ते फार झोंबलं. घरी येऊन त्यानं कुठूनसा एक ठसा पैदा केला आणि माझ्या कडीवर एका नावाजलेल्या कारखान्याची अक्षरं ठोकली. मी कळवळलो, पण सांगणार कोणाला?

पुढच्या बैठकीला फ्राउ हाइनेके नावाच्या जाणकार बाई येणार होत्या. ठशांच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा. वडिलांचा क्रॉस खरा आहे हे त्यांच्या तोंडून ऐकायला गेर्लिंडेही ठेवणीतला कोट घालून आली. डेटलेफ सगळ्यांना म्हणाला, ठसा मळाखाली दडला होता, घासल्यावर दिसला.

फ्राउ हाइनेकेंनी बराच वेळ पाहिलं.

"क्रॉस अस्सल आहे. ठसा खोटा, मागाहून मारलेला. कोणी केला हा उद्योग?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. डेटलेफ म्हणाला, "आजोबांनीच करून घेतला असणार. मिरवायची हौस होती त्यांना."

ऊवे पुन्हा हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात गेर्लिंडेनं मला हातात घेतलं. तिचं बोट कडीवर आलं आणि अक्षरांवर अडलं. तिनं मुलाकडे पाहिलं. तो टेबलाकडे बघत होता.

"हो," ती सावकाश म्हणाली. "बाबांचंच काम हे. फार हौशी होते."

तेव्हापासून मी डेटलेफच्या कपाटात आहे. गेर्लिंडे मला मागत नाही, तोही तिला देत नाही. मला तोंड नाही, आणि अंगावर आहेत ती अक्षरं वेंडेलिनची बदनामी करतात. कधी मी तुमच्या हाती लागलोच, तर एवढी कृपा करा. कानस घ्या आणि ती घासून टाका. कडी झिजली तरी चालेल.