माझे सहा जरा जास्तच

मित्रांनो, मिलो नावाच्या झाडाच्या लाकडाचा म्हातारा फासा तुमच्याशी बोलतो आहे. माझे कोपरे झिजले आहेत, पण ठिपके अजून वाचता येतात.

टोंगातल्या हापाई बेटांवर पेनीआजोबा होड्या बांधत. शाळेतले प्लॅस्टिकचे फासे हरवले, तेव्हा सेमिसी सरांनी त्यांना गळ घातली आणि उरलेल्या लाकडातून मी घडलो. आजोबांनी खोबरेल लावून मला इतके घासले की सर म्हणाले, हा तर शोभेला ठेवावा असा आहे.

शोभेला मात्र कोणी ठेवले नाही. संभाव्यतेचा धडा आला की सर घरचा अभ्यास देत: फासा साठ वेळा टाका आणि कोणता आकडा किती वेळा आला ते लिहा. मुले मला पाळीपाळीने घरी नेत. खरे सांगू? बहुतेक घरांत मी दप्तराबाहेरसुद्धा पडलो नाही. प्रत्येक आकडा दहा-दहा वेळा यायला हवा, हे सगळ्यांना ठाऊक होते. मग कुठे नऊ, कुठे अकरा लिहिले की काम झाले. मी आपला केळ्याच्या वासात पडून राही.

लेसिएलीने मात्र मला चटईवर टाकले, साठही वेळा. तिची आजी रताळी सोलता सोलता मोजत होती. सहा आले एकवीस वेळा, एक अवघा चारदा.

सरांनी तिचा कागद बाजूला काढला. हे गुण वार्षिक निकालात धरले जात, आणि तिला पुढे राजधानीतल्या शाळेत जायचे होते.

"मनानंच लिहिलंस ना, लेसिएली?"

"नाही, सर. मनानं लिहायचं असतं तर मीही दहा-दहाच लिहिले असते."

सरांनी मला हातात घेतले. मग त्यांनी मला टेबलावर टाकले, पुन्हा टाकले, आणि एकेका मुलालाही टाकायला लावले. फळ्यावर सहाखालच्या रेघा वाढत गेल्या. मागच्या बाकावरचा विलियामी आपल्या पायाचा अंगठा न्याहाळू लागला.

"तुमच्यातल्या एकीनंच फासा टाकला होता," सर म्हणाले, "आणि मी तिलाच खोटं ठरवत होतो. चुकलं माझं, पोरी."

तिला पूर्ण गुण मिळाले. हे कळल्यावर पेनीआजोबा मात्र ओशाळले. लाकडातली गाठ एक ठिपका असलेल्या बाजूला राहिली होती. ती बाजू जड, म्हणून तीच खाली बसे आणि वर सहा येई. मला चुलीत घालून दुसरा फासा करून देतो, असे ते म्हणाले तेव्हा माझा जीव खालीवर झाला.

"दुसराही करा, आजोबा," लेसिएली म्हणाली. "पण हा राहू दे. याच्यामुळंच तर आम्हांला कळलं."

आता आम्ही दोघे आहोत. सरळ कोण आणि लबाड कोण, हे सर सांगत नाहीत. मुलांनीच टाकून शोधायचे. त्यामुळे हल्ली मी घरोघरी चटयांवर मनसोक्त लोळतो, आणि एवढे सुख या वयात मला पुरते.

मित्रांनो, खेळून झाल्यावर मला ओल्या वाळूत विसरू नका, लाकूड फुगते. आणि माझे उत्तर मला विचारल्याशिवाय लिहू नका.