बोलणं कुणाच्या नावावर

तक्रार झाली, यात सगळ्यात जास्त फायदा ज्यांच्याविरुद्ध झाली त्यांचाच होता. तक्रार करणाऱ्या मानसिंग ठेकेदाराला फार तर एक माफी मिळणार होती. पण ॲडव्होकेट धर्मपाल सरवदे यांना, वकिली सोडून इतकी वर्षं लोटल्यावर, घरबसल्या एक खटला, एक चिडलेला विरोधी पक्षकार आणि त्यांचं बोलणं ऐकून घेणं ज्याला भागच आहे असा एक अधिकारी मिळणार होता. म्हणून तर चौकीतून फोन आल्यावर त्यांनी एप्रिलच्या उन्हात ट्रंकेतला काळा कोट काढला.

"अटक करून घ्यायला चाललाय की लग्नाला?" बायकोनं विचारलं.

"अटकेत निदान जामीन असतो," ते म्हणाले, आणि रिक्षात बसले.

आता ते चौकीतल्या बाकावर कोटाची बटणं लावून बसले होते. शेजारी एक माणूस बसेल एवढी जागा सोडून मानसिंग. समोर फौजदार सुकन्या पाटणे; नवीन बदलून आलेल्या, वयानं वकीलसाहेबांच्या मुलीएवढ्या. त्यांच्या हातात वकीलसाहेबांनी फेसबुकवर लिहिलेल्या मजकुराची छापील प्रत होती.

असलं काहीबाही वकीलसाहेब रोज सकाळी लिहीत. 'अटी व शर्ती मी वाचल्या आहेत, ही या देशात सर्वाधिक वेळा दिली जाणारी खोटी साक्ष; अजून एकावरही खटला नाही.' किंवा 'भावना दुखावल्याची तक्रार घेतात, डोकं दुखावल्याची घेत नाहीत. म्हणून लोक डोकं वापरत नाहीत.' कोर्टातले जुने मित्र हसरे चेहरे टाकत, पुण्याची मुलगी 'बाबा, पुरे' असं लिही, आणि विजापूर रोडवर फिरताना कुणी ना कुणी "आज काय टोला हाणलात, साहेब!" म्हणे. त्यावर त्यांचा दिवस जाई.

यावेळचा टोला मात्र मानसिंगच्या धंद्यावर बसला होता. रस्ते झाडणाऱ्या बायकांचा ठेका त्याच्याकडे. त्यांची हजेरी फोनवर: मुकादम फोन धरतो, बाई तोंड दाखवते, फोन ओळखतो. एका बाईनं सिव्हिलमध्ये दात काढून घेतले. गाल आत गेले. दुसऱ्या दिवसापासून फोन म्हणायला लागला, 'व्यक्ती जुळत नाही'. बाई रस्ता झाडायची आणि गैरहजर लागायची. एका सकाळी ती वकीलसाहेबांच्या फाटकासमोरच मुकादमाच्या हातातल्या फोनवर ओरडली. मुकादमानं ते ठेकेदाराच्या कानावर घातलं नाही; वकीलसाहेबांनी मात्र जसंच्या तसं लिहून घेतलं आणि जगापुढं मांडलं:

'रोज त्वांड दावती, तरी वळखत न्हाईस व्हय रं? तुजा मुडदा बशिवला!'

खाली स्वतःची एक ओळ: 'ओळख पटवायला यंत्र, आणि ओळख विसरायला ठेकेदार.'

"यांचं म्हणणं आहे की यात यांना जिवे मारण्याची धमकी आहे," फौजदार म्हणाल्या.

"माझा मुडदा पाडणार म्हणतायत, मॅडम. उघड उघड."

"पाडणार नाही, बसवणार," वकीलसाहेब म्हणाले. "आणि तुमचा नाही, फोनचा. तक्रारदार जर म्हणत असतील की तो फोन म्हणजे तेच, तर तसं लिहून द्यावं. मग त्या बाईला रोज ओळख न दाखवणारे कोण, हेही आपोआप सिद्ध होतं."

"बघा, बघा मॅडम, कसं बोलतंय म्हातारं!"

"मानसिंगराव, तुमच्या आजीनं लहानपणी तुमचा दिवसातून कितीदा मुडदा बसवला असेल? तरी ठणठणीत आहात की."

दारात उभा असलेला हवालदार खोकला. फौजदारांनी चेहरा सरळ ठेवला, पण बराच प्रयत्न करून.

"सर, हे अदखलपात्र म्हणून नोंदवते. म्हणजे आमच्याकडून पुढं काही नाही."

"खटला नाही?" वकीलसाहेबांचा आवाज पडला.

"नाही. फक्त एक. हे वरचे शब्द कुणाचे? दुसऱ्या कुणाचे असतील तर नाव सांगा, तुमचा विषयच मिटला."

वकीलसाहेबांनी मानसिंगकडं पाहिलं. तो पुढं झुकला होता. नाव बाहेर पडलं की त्या बाईचं काम गेलं, हे समजायला सनद लागत नव्हती.

"माझे," ते म्हणाले. "शब्द न् शब्द माझा. नाव घालून लिहिलंय. माफी नाही आणि खोडणंही नाही."

फौजदारांनी कागद पुन्हा वाचला. "पण सर, यात 'दावती' आहे."

"मग?"

"तुम्ही 'दावतो' म्हणाल ना? की 'दावती'?"

वकीलसाहेबांचं उत्तर तयार होतं. "कोल्हापूरकडं बायका 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात. त्यांना काय पुरुषांच्या कोठडीत ठेवता?"

हवालदार यावेळी मोकळेपणानं हसला. फौजदारही हसल्या. मानसिंग हसला नाही. तो स्वतःशी पुटपुटला, "दावती... दात काढलेली... आयला, केराबाई!" आणि उठून बाहेर फोन लावायला गेला.

वकीलसाहेबांचा कोट पाठीला चिकटला. सबंध आयुष्य ते न्यायाधीशांशी एकाच गोष्टीवर भांडले होते: साक्षीदार जसं बोलला तसंच टिपून घ्या, कारकुनाच्या शुद्ध मराठीत नको, एक अक्षर बदललं की माणूस बदलतो. तीच शिस्त त्यांनी फाटकापाशीही पाळली होती. एक वेलांटी बदलली असती, तर केराबाई सापडली नसती.

संध्याकाळी मानसिंगचा फोन आला. आवाज एकदम मऊ. "साहेब, भांडण कशाला वाढवायचं? तुमी ते तेवढं काढा. बाई उद्यापासनं कामावर. नाय काढलं तर आमच्या मशिनीत तिचं त्वांडच न्हाय. बघा, तुमच्याच हातात हाय."

धर्मपाल सरवदे यांनी लिहिलेलं कधी खोडलं नव्हतं. घटनेवर हात ठेवून ते तसं सांगत. त्या संध्याकाळी त्यांनी मजकूर उघडला, खोडायच्या बटणावर बोट नेलं, आणि मग थांबले. शब्द त्यांचे नव्हते. खोडायला तरी विचारायला हवं होतं.

केराबाई सकाळी आली ती खराटा न घेता. सांगोल्याकडची, मेंढरं विकून नवऱ्यामागं सोलापुरात आलेली. नाव केराबाई आणि काम केर काढायचं, यावर गल्लीतली पोरं हसत आणि ती त्यांच्याहून मोठ्यानं हसे. आज हसली नाही. फाटकाबाहेरच उभी राहिली.

"आत ये, केराबाई."

"न्हाई. हितंच बोला. मुकादम म्हनला, वकीलसायबाला इचार, त्येंच्या हातात हाय."

वकीलसाहेबांनी सगळं सांगितलं. मजकूर काढला तर काम परत. नाही काढला तर लेबर कोर्ट. ते स्वतः लढतील, फी नाही, पण वेळ लागेल. "तू सांगशील तसं. काढ म्हणालीस तर आत्ता काढतो."

केराबाईनं पदर तोंडावरून बाजूला केला. "आदी एक सांगा. चौकीत तुमी म्हनला म्हनं, ते बोलनं तुमचं हाय?"

"तुला वाचवायला म्हणालो."

"इचारलं व्हतं मला?"

वकीलसाहेबांना उलटतपासणीची सवय होती, पण प्रश्न विचारायची.

"आमच्या आयचं बोलनं ते," ती म्हणाली. "मेंढरावर वरडायची ती. मी त्या डबड्यावर वरडली. तुमी कवा कुनावर वरडलाय? तुमी ल्हेता."

"बरोबर आहे."

"काम त्यानं घेतलं. बोलनं तुमी घेतलं. मंग माज्याकडं काय ऱ्हायलं, सायेब?"

रस्त्यावरून शाळेची रिक्षा गेली.

"म्हणजे काढू नको?"

"काडायचं कशाला? खोटं हाय का त्यात? माजं नाव घाला की."

"केराबाई, नीट ऐक. नाव घातलं तर मानसिंगच काय, दुसरा कुठला ठेकेदारही तुला उभं करणार नाही. मी वकील म्हणून सांगतोय."

"तुमी वकील म्हनून सांगताय, आन् मी केराबाई म्हनून. त्यो म्हनतो मशिनीत माजं त्वांड न्हाई. न्हाई तर न्हाई. तुमच्यात तरी असू द्या. सबंद नाव घाला. नवऱ्याचं बी."

"नवऱ्याला चालेल?"

"त्येला इचारतंय कोन?"

ते आतून फोन घेऊन आले. फाटकाच्या कठड्यावर फोन ठेवून त्यांनी तिच्या समोरच टाइप केलं आणि वाचून दाखवलं: 'खुलासा. वरील शब्द माझे नाहीत. ते श्रीमती केराबाई गुंडा मेटकरी यांचे आहेत. मी चौकीत ते माझे असल्याचं सांगितलं, ते खोटं होतं. मी फक्त लिहून घेणारा.'

"श्रीमती म्हंजे?"

"म्हणजे... मान."

"मंग ऱ्हाऊ द्या," केराबाई म्हणाली, आणि खराट्याची सवय असलेले हात रिकामेच हलवत चौकाकडं निघून गेली.

आता हिशेब सांगायचा तर असा. वकीलसाहेबांचा तो खुलासा त्यांच्या सगळ्या टोल्यांपेक्षा जास्त वाचला गेला. अनोळखी गावांतून लोकांनी शाबासकी दिली. फौजदारबाईंची नोंद दप्तरात बंद झाली. मानसिंगचा ठेका जिथल्या तिथं आहे, फक्त त्या वॉर्डातल्या बायका आता हजेरीच्या वेळी फोनपुढं तोंड धरतात आणि ओळीनं जी ती त्याचा मुडदा बसवते. मुकादम ऐकतो. कुणाकुणाचं लिहून घेणार? फोन मात्र मुकाट सगळ्यांना ओळखतो. लेबर कोर्टात पुढची तारीख पडली आहे आणि काळ्या कोटाला पुन्हा इस्त्री होते आहे.

केराबाई शेंगा फोडायच्या शेडमध्ये जाते, तेही रोज बोलावलं तरच. तिथं पाठ मोडते आणि हातात झाडण्यापेक्षा कमी पडतं.

म्हणजे ज्याला त्याला काही ना काही मिळालं. दिलं एकटीनं, आणि फाटकाबाहेर उभ्या उभ्या, घासाघीस न करता.