मुंबईला उतरायचं होतं

“जपान जाओ, घूमो, मज़ा करो. आते टाइम बंबई में उतर के चार दिन अपने मुलुक जाओ,” अरबाब म्हणाला. “लेकिन माल का जहाज पहले आ गया, तो सीधा इधर. समझा?”

“समझा, अरबाब.”

“खलास. यल्ला, काम करो.”

अरबाब म्हणजे मालक. शारजाच्या बाजारात, रोल्ला म्हणतात त्या मोठ्या वडापासून हाकेच्या अंतरावर, त्याचं रेडिओचं दुकान होतं आणि खैरुद्दीन तिथला सेल्समन. त्या वर्षी त्याने एवढे ट्रान्झिस्टर खपवले, की जपानी कंपनीने दुकानाला जपानची सहल बक्षीस दिली. अरबाबला विमानाचं भय, म्हणून ती खैरुद्दीनच्या पदरात पडली. खोटं कशाला बोला, त्याला जपानची हौस होतीच. ज्या देशाचं नाव रोज रेडिओच्या पाठीवर वाचायचं, तो देश बघायचा होता. पण खरी गोडी होती ती परतीच्या चार दिवसांची. हर्णैला बायको होती, हलिमा. तिचं तोंड बघून तीन वर्षं झाली होती.

“नशीब काढलंस रे,” त्याच्याच खोलीत राहणारा शौकत म्हणाला. “जपान पण आणि घर पण! आंधळा मागतो एक डोळा...”

“अरे, आधी जहाज उशिरा येऊ दे,” खैरुद्दीन म्हणाला. माल वेळेवर यावा म्हणून एरवी दुवा मागणारा माणूस, त्या महिन्यात उलटी दुवा मागत होता.

जपानात टोकियोला बसमध्ये चढला आणि बघतो तर सगळी जोडपी. कोलंबोचे दुकानदार, सिंगापूरचे, सगळे सपत्नीक. मुंबईहून ग्रँट रोडचे सोराबजी आणि त्यांच्या दिनाबाई. खैरुद्दीनच्या शेजारची सीट तेवढी रिकामी. दिनाबाईंनी पहिल्याच दिवशी तिच्यावर आधी पिशव्या ठेवल्या आणि मग स्वतः येऊन बसल्या.

“एकटे कशाला बसते तुमी? आमचा सोराब तर बस हालली की घोरते.”

दुपारपर्यंत त्यांना हलिमाचं नाव, गाव, स्वभाव, सगळं ठाऊक झालं. तिथलं मांस हलाल नाही म्हणून खैरुद्दीन खात नाही म्हटल्यावर जो तो आपल्या ताटातलं अंडं त्याला देऊ लागला. चार दिवसांत बिचाऱ्याला अंड्यांचा वीट आला, पण प्रेमाने दिलेलं नाही कसं म्हणायचं?

कामाकुराला मोठ्या बुद्धापुढे प्रत्येक जोडप्याचा फोटो झाला. चेरीची फुलं गळून वाटेवर पडली होती. खैरुद्दीनची पाळी आली, तो उभा राहिला.

“अरे, मधे सरक ना!” कॅमेरा डोळ्याला लावलेले सोराबजी ओरडले. “बाजूला कोण येते तुझ्या?”

तेव्हा त्याच्या लक्षात आलं, आपण शेजारी एका माणसाची जागा सोडून उभे आहोत. सगळे हसले. तोही हसला आणि मधे सरकला.

दुसऱ्या दिवशी हाकोनेच्या तळ्याकाठी नमाजाची वेळ झाली. गाइड मोरीबाईंना त्याने पश्चिम विचारली. त्यांनी तळ्यापलीकडच्या डोंगरांकडे हात केला. गवतावर टॉवेल अंथरून तो उभा राहिला. नमाज संपली तरी उठेना. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. शेवटी दिनाबाई तणतणत आल्या.

“सगळी बस तुमच्यासाठी थांबते! इतका वेळ काय मागते देवाकडे?”

खैरुद्दीनने डोळे पुसले. “काही मागत नव्हतो, बाई. शारजात नमाजाला उभा राहिलो की आमचं गाव पाठीमागे पडतं. पाचही वक्त गावाकडे पाठ. हलिमा तिकडे उभी राहते ती समुद्राकडे तोंड करून, म्हणजे माझ्याच बाजूला. आणि मी तिला पाठ दाखवून उभा. आज इथे उभा राहिलो आणि ध्यानात आलं, इथून मक्केच्या वाटेवर आमचं हर्णै लागतं. आधी हलिमा, मग शारजा, मग मक्का. उठवेना हो.”

दिनाबाईंचा राग कुठल्या कुठे गेला. त्या गवतावरच बसून राहिल्या.

त्यानंतर तो कुठेही मागे राहिला आणि कोलंबोवाले कुरकुरले, की त्या दटावायच्या, “गप बसा. तो घरी गेला आहे. येते इतक्यात.” आणि त्याला म्हणायच्या, “बंबईला आपली गाडी येईल. भाऊच्या धक्क्यावर सोडते तुमाला. हर्णैची बोट मिळेल.”

हलिमासाठी त्याने मोतिया रंगाची छत्री घेतली. ती स्वतःच्या हाताने उघडून तिच्या डोक्यावर धरायची, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

शेवटच्या सकाळी हॉटेलात अरबाबची तार आली. जहाज लागलं होतं, थेट परत ये. ताटावर बसलेल्या माणसाला उठवावं तसं झालं. बसमध्ये त्या दिवशी कोणी गाणी म्हटली नाहीत.

मुंबईला विमान बदलायचं होतं. दुबईचं विमान लगेच होतं. आतल्या हॉलमध्ये त्याने छत्री दिनाबाईंच्या हातात दिली.

“हर्णैच्या बोटीवर कोणाच्याही हाती द्या. खैरुद्दीनची हलिमा म्हटलं की पोचवतील.”

“आणि निरोप काय देऊ?”

काचेपलीकडे उन्हात मुंबई दिसत होती. तिकडे बघत तो म्हणाला,

“सांगा, जपान छान आहे. मी इथवर आलो होतो, हे मात्र सांगू नका.”

दिनाबाईंनी मान हलवली. सोराबजींनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला, आणि मग त्यांना जावं लागलं.

शारजात दुसऱ्याच दिवशी जुम्मा होता. अरबाब म्हणाला, “छुट्टी अगले साल, इन्शाल्ला.” खैरुद्दीन मशिदीत शौकतच्या शेजारी उभा राहिला. गाव पुन्हा पाठीमागे गेलं. नमाज संपताना सलाम फिरवायला त्याने मान उजवीकडे वळवली, मग डावीकडे. शौकतची मान खांद्यापाशी थांबून सरळ झाली. खैरुद्दीनची तशीच वळत राहिली, खांद्यावरून मागे, जिथवर जाईल तिथवर. मागच्या रांगेतला एक म्हातारा त्याच्याकडे बघू लागला.

“मानेला काय झालं रे?” बाहेर चपला घालताना शौकतने विचारलं.

“विमानात अवघडली असेल,” खैरुद्दीन म्हणाला आणि खोकी उतरवायला दुकानाकडे निघाला.