नावाखालचा तडा

टच्च!

फार दिवसांपूर्वी ऐकलेला हा आवाज अजून माझ्यात तसाच आहे. तोच माझा जन्म. मी एक तडा बोलतोय, एका जीपगाडीच्या पुढच्या काचेवरचा. तुम्ही म्हणाल, तड्याला कसलं आलंय चरित्र? खरं आहे. माणसं काचेतून रस्ता बघतात, काचेकडे कोणी बघत नाही. तडा गेला की मात्र बघतात, तेही कपाळाला आठ्या घालून.

राजूर घाटात पुढे गिट्टीचा ट्रक चालला होता. त्याच्यावरून एक खडा उडाला आणि काचेवर आपटला. खडा गेला घरंगळत. मी राहिलो. तेव्हा मी मसुरीच्या दाण्याएवढा होतो.

गाडी धामणगाव बढ्याच्या भाऊरावांची. धामणगावाहून बुलढाण्याला माणसं न्यायची आणि आणायची, हे तिचं काम. काचेच्या वरच्या अंगाला, या कडेपासून त्या कडेपर्यंत, निळ्या रेडियमची ठसठशीत अक्षरं होती: मंजुश्री. ती भाऊरावांची एकुलती एक लेक. आमच्याकडे गाडी घेतली की काचेवर लेकराचं नाव घालतातच. मग त्या गाडीला नंबराने कोणी ओळखत नाही. स्टँडवर लोक विचारायचे, "मंजुश्री गेली का बे?"

"गेली नं. आत्ताच भरून गेली."

खरी मंजुश्री तेव्हा कॉलेजात होती. मैत्रिणी तिला चिडवायच्या, "काय व, आज किती शिटा भरल्या?" ती लटकं रागवायची. पण गाडीत चढताना एकदा वर बघायची, नाव जागेवर आहे ना म्हणून.

मी त्या नावाच्या वीतभर खाली होतो. भाऊरावांच्या डोळ्यांच्या अगदी समोर.

बुलढाण्यात कुलदीप नावाचा काचवाला आहे. त्याने मला लहानपणीच पाहिलं, नखाने चाचपलं. म्हणाला, "भाऊ, आत्ताच भरून घ्या. डिंकासारखं औषध भरतो, दिवा दाखवतो, हाय तिथंच थांबते हे."

"आरे, गाडीत शिटा बसल्या हायेत. पुढच्या खेपेले पाहू."

"पुढच्या खेपेले मोठं होईन नं हे."

"माणूसबी मोठा होते, कुलदीप. त्याले कोणी औषध भरते का?"

गाडीतली माणसं हसली. मला हसू आलं नाही. मला थांबायचं होतं.

हे कोणाला खरं वाटत नाही. तडा म्हणजे वाढायला टपलेलाच, असं सगळे धरून चालतात. पण खड्डा आला की काच हिसका खाते, दुपारी तापते, पहाटे गार पडते, आणि त्या ओढाताणीत मी ओढला जातो. दर खड्ड्याला मी जीव मुठीत धरायचो. तरी बोटभर झालो, मग हातभर. गाडीतल्या एका म्हातारीने सांगितलं, "जखमेले लावतेत तशी हळद लाव याले." भाऊरावांनी चिकटपट्टी लावली. तिच्याखाली धूळ बसली आणि मी उलट जास्तच उठून दिसू लागलो.

मधल्या काळात मंजुश्रीचं लग्न झालं. ती देऊळगाव राजाला सासरी गेली. नाव काचेवरच राहिलं. मग होळीच्या सुमाराला ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. मोताळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, बाळ आडवं आहे, कळा सुरू झाल्या की सरळ बुलढाण्याला न्या.

त्याच आठवड्यात कुलदीपने हात जोडले. "आता भरून होत नाई, भाऊ. काच बदला. हे घाटात दगा देईन."

भाऊरावांनी मान डोलावली. गाडी रोज अंगणात दाराशीच उभी असायची, त्यामुळे घरातलं बोलणं मला ऐकू यायचं.

"काच बदलली म्हणजे मंजूचं नाव जाईन," चांगुणाबाई म्हणाल्या. त्या मंजुश्रीच्या आई.

"नवीन टाकू नं."

"पोरगी अवघडलेली हाय, मंजूचे बाबा. अशात तिचं नाव काढून फेकाचं?"

"आपण असलं कई मानलं व, चांगुणे? विहारात तूच तं बायायले सांगतं, शकुन-अपशकुन काई नसते म्हणून."

चांगुणाबाईंचं सूप बराच वेळ वाजत राहिलं. मग थांबलं. "मले कुठी पटते ते? पण जीव मानत नाई. तिचं पोट मोकळं होऊ द्या, मंग दुसऱ्याच दिवशी बदला."

भाऊरावांनी काच तशीच राहू दिली. त्यांचाही जीव मानत नसावा.

तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. चांगुणाबाई रोज सकाळी पदराने लेकीचं नाव पुसायच्या. खाली मी होतो, माझ्याकडे बघायच्या नाहीत. मी मात्र दाराकडे बघत राहायचो. मंजुश्री कमरेवर हात ठेवून ओसरीत हळूहळू फिरायची. मनात एकच, हिला घाट चढवून नेईपर्यंत मला आहे तेवढंच राहू दे.

एप्रिलच्या भर दुपारी कळा सुरू झाल्या. अँब्युलन्सला फोन लावला, ती लांबच्या गावाला गेलेली. दुसऱ्या जीपा खेपेवर. भाऊरावांनी चावी घेतली. गाडी उन्हात उभी राहून काच तव्यासारखी झालेली, तिच्यावर धुळीचा थर. भाऊरावांना रस्ता नीट दिसावा म्हणून चांगुणाबाईंनी माठातलं गार पाणी तांब्याने काचेवर मारलं.

कर्रर्र.

मी स्वतःला आवरू शकलो नाही. डावीकडे धावलो, खाली धावलो, बाभळीच्या फांदीसारखा फाटत गेलो. आवाज थांबला तेव्हा नावाखालची सगळी काच माझी झाली होती.

चांगुणाबाईंच्या हातात तांब्या तसाच. "मी काय केलं हो हे!"

"गाडीत बस," भाऊराव म्हणाले. "आता बोलू नको. बस."

मोताळ्यापर्यंत त्यांनी मान इकडेतिकडे करत कशीबशी गाडी काढली. घाट सुरू झाला आणि एका वळणावर ऊन थेट समोरून आलं. माझी एकेक फांदी पेटल्यासारखी चमकू लागली. भाऊरावांना माझ्याशिवाय काही दिसेना. ट्रकचा भोंगा अगदी कानाशी वाजला. त्यांनी करकचून ब्रेक मारला आणि गाडी कडेला घेतली.

"काईच दिसत नाई." मग ते सीटवरून अर्धवट उठले, वरच्या पट्टीजवळ डोळे नेले आणि तसेच परत खाली बसले.

"काय झालं?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"नावाच्या जागी काच साबूत हाय. पण अक्षरं आडवी येऊन राह्यली."

मागच्या सीटवर मंजुश्रीने कळ दाबून धरली होती. ती सुटली तशी म्हणाली, "आई, काढ ते."

चांगुणाबाई हलल्या नाहीत.

"आई, मी इथं आत हाय. ते नुसतं नाव हाय. काढ लवकर."

चांगुणाबाई खाली उतरल्या. बाळंतिणीसाठी घेतलेल्या डब्याचं स्टीलचं झाकण त्यांच्या हातात होतं. बंपरवर पाय ठेवून त्या वर चढल्या आणि त्यांनी 'मं'च्या कडेला झाकण लावलं. बोनेट पोळत होतं. वर्षानुवर्षं उन्हात भाजलेलं रेडियम चिवट झालं होतं. झाकणाने उचकटायचं, नखांनी ओढायचं. त्यांच्या हाताचा प्रत्येक दाब माझ्यापर्यंत येत होता. आता पुढे सरकलो तर सगळं संपलं, एवढंच मला कळत होतं. 'मं' निघाला. 'जु' तुकड्या-तुकड्याने निघाला.

"बस, दिसते आता! चाल!"

भाऊरावांनी बुडाखाली पोत्याची घडी घातली, मान वाकवली आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेतून बघत घाट चढवला. आमच्या काचेच्या पोटात दोन थरांच्या मध्ये एक पातळ पडदा असतो. त्याच्यामुळेच मी फुटूनही सांडलो नाही. घाटभर मी त्याला विनवत होतो, सोडू नको बाबा.

दवाखान्यात मंजुश्रीला ढकलगाडीवरून आत नेलं. मागे वळून कोणी बघितलं नाही, बघायचं कारणही नव्हतं. मी आवारात उभा. संध्याकाळ झाली, सकाळ झाली, मला कोण काय सांगणार? भाऊराव आले ते डोळे तांबारलेले. त्यांनी गाडी कुलदीपकडे आणली, चावी दिली आणि पायीच परत गेले. त्या चेहऱ्यावरून मला काही वाचता आलं नाही.

कुलदीपने रबर सोडवलं, काच बाहेर काढली आणि मला भिंतीला टेकवून उभं केलं. गाडीला नवी काच बसली, स्वच्छ, तिच्यावर एक ठिपका नाही. संध्याकाळी भंगारवाला मला घेऊन जाईल. त्याचं मला काही वाटत नाही. बाबांनो, तुमच्या गाडीच्या काचेवर मसुरीएवढा कोणी दिसला, तर त्याला तेव्हाच थांबवा. वाढायची त्यालाही हौस नसते. आणि तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका, कितीही मायेने मारलं तरी.

एवढं बोलतोय तोवर भाऊराव आणि चांगुणाबाई रस्त्याने येताना दिसले. मी त्यांच्या चालीकडे बघत राहिलो.

"काय खबर, भाऊ?" कुलदीपने आतूनच विचारलं.

"नात झाली. पोट कापा लागलं. पण दोघीबी बऱ्या हायेत."

माझ्या सगळ्या फांद्या एकदम सैल झाल्यासारख्या वाटल्या.

"आरे वा! मंग काकू, काचीवर नातीचं नाव टाकून देऊ का? असंच निळं रेडियम हाय आपल्यापाशी."

भाऊरावांनी चांगुणाबाईंकडे पाहिलं. "हिले इचार."

चांगुणाबाईंनी नव्या काचेच्या वरच्या कडेकडे पाहिलं. मग माझ्याजवळ आल्या. त्यांच्या नखांत अजून निळे कण होते. जिथे 'मं' होता तिथल्या वाळलेल्या डिंकावर त्यांनी तळवा ठेवला. मग तोच तळवा, पहिल्यांदाच, खाली माझ्यावरून फिरवला. कुलदीप उत्तराची वाट बघत होता. "मोकळीच राहू दे काच," चांगुणाबाई म्हणाल्या आणि गाडीकडे चालत गेल्या.