ठिपकी अजून आजारी आहे

अंगठ्याच्या नखाएवढा गोल फोटो, त्यात पदर सावरणारी अंजू — आणि शेजारी तिनं विचारलेलं : ‘आमची ठिपकी शेळी दोन दिवस चारा खात नाही, काय करावं?’ मोबाईलवरच्या शेळीपालकांच्या त्या मंचावर तिचा प्रश्न आज यादीत सातवा होता. दुपारपर्यंत विसावा होईल, संध्याकाळी दिसायचाही नाही.

अंजू जाऊन चार महिने झाले. मंचाची रीत गहिनीनाथला आता पाठ होती. ज्या प्रश्नाखाली कुणी काही लिहिलं तो वर येतो, बाकीचे बुडत जातात... म्हणून शेळ्या माळावर सोडल्या की तो बायकोच्या मोबाईलवरून, तिच्याच नावानं लिहायचा, ‘अजून फरक नाही.’ की अंजू सगळ्यांत वर. ठिपकी तर केव्हाच आपली आपण बरी झाली होती, समोर बाभळीच्या शेंगा कराकरा खात होती. पण मंचावर तिला बरी करून चालणार कसं? आणि अंजू गेली हे खरं सांगावं, तर लोक दोन दिवस श्रद्धांजली लिहितील, मग अंजू कायमची तळाला जाईल.

“काहून बसलास रे मोबाईलमंदी तोंड घालून?” भाकरी घेऊन आलेली त्याची आई, साखराबाई, म्हणाली. “खाऊन घे.”

“खातो, आये.”

आज धर्मापुरीच्या कुणा रामेश्वरनं लिहिलं होतं — ‘ताई, तुमच्या शेळीचा घोर लागलाय. उद्या तुमच्या आष्टीकडं येणं आहे. पत्ता द्या, औषध आणून देतो.’

गहिनीनाथला रागच आला. आता कशाला? ती होती तेव्हा पाच दिवस कुणी एक अक्षर लिहिलं नाही. चुलीपुढून उठून उठून मोबाईल बघायची बिचारी, उत्तर आलं का म्हणून... आणि मंचावर जायच्या आधी? आधी तिनं विचारलं होतं ते मला. दोन्ही दिवस. “अवो, ठिपकी खाईना, काय करावं?” मी मोबाईलवर कुस्त्या बघत होतो. मान वर न करता म्हणालो, “बघू.”

त्यानं ‘अजून फरक नाही’ लिहिलं होतं, ते पाठवायला बोट उचलेना. भाकरी हातात तशीच राहिली.

“ओवा-गूळ चार तिला,” तो अंजूच्या फोटोकडं बघत हळूच म्हणाला.

“कुणाला म्हंतोस?” साखराबाईनं विचारलं.

त्यानं त्या गोल फोटोवरून अंगठा फिरवला. ठाऊक होतं ना मला, तेव्हाही ठाऊक होतं.