एक जूनचा जन्म

मल्हारीने दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला कागद बाहेर काढला, टेबलावर ठेवला आणि दोन्ही तळव्यांनी त्याच्या घड्या दाबून सपाट केल्या.

"घ्या बाई. सरकारी शिक्का हाय. आता कुणी काय बोलायचं न्हाई."

शाळेत खेळ शिकवणाऱ्या गव्हाणेबाईंनी चष्मा लावला. भीमाकाठच्या एका ग्रामपंचायतीचा जन्मदाखला होता. अंकिता मल्हारी शेंडगे. चौदा नोव्हेंबर एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी.

"एवढ्या लांब कशाला गेलात?"

"मग? माझ्यापायी पोरीचं सिमल्याचं हुकलं. हिच्या जल्माच्या येळी मेंढरं घिऊन दौंडच्या अंगाला गेलेलो. बबनरावांच्या रानात मेंढरं बसवली हुती. भाऊबीज झाली आन् तिसऱ्या दिशी हिचा जन्म. त्यांनीच पंचायतीत नोंद केलेली, आन् मला पंधरा वर्सं पत्ता न्हाई." तो हसला. "शाळंत घालताना गुरुजी म्हणले, तारीख सांग. म्या म्हणलं, तुम्हीच घाला. त्यांनी एक जून घातली. आमच्या वस्तीवरची समदी पोरं एक जूनलाच जन्मल्यात. कुणाचं काय म्हागं-फुडं न्हाईच."

बाईंना हसू आलं नाही.

सिमल्याला राष्ट्रीय कुमार आइस हॉकी स्पर्धा होती, आणि राज्याच्या मुलींच्या संघासाठी शाळेकडून पाच नावं मागवली होती. शिरूरला बर्फाचं मैदान कुठलं? मुली शाळेच्या सिमेंटच्या अंगणात चाकांच्या स्केट्सवर हॉकी खेळत. कवठ्याहून एसटीने येणारी अंकिता त्यांत सगळ्यांत वेगवान होती. पाचवं नाव तिचंच लिहून झालं होतं. मग संस्थेचे संचालक पोपटराव शाळेत आले. चहा घेता घेता म्हणाले, "एक नाव आमच्या तेजूचं बसवा, बाई. राष्ट्रीय खेळाडू म्हणलं की बोर्डात मार्क वाढत्यात. मल्हारीची पोर काय, पुढल्या वर्षी जाईल की."

बाईंनी नाव खोडलं नाही. नवा कागद घेऊन सगळी यादी पुन्हा लिहिली. अंकिताला सांगितलं, तुझ्या जन्मतारखेवर शंका आलीय, एक जून स्पर्धेवाल्यांना पटत नाही. मुलीने नुसती मान हलवली. पण पोपटरावांच्या तेजश्रीला स्केट्सवर धड उभं राहता येत नव्हतं, आणि तिला शिकवायला बाईंनी अंकितालाच सांगितलं. दुसरं कुणी तेवढं चांगलं शिकवणारं नव्हतं. पंधरा दिवस अंकिता तिचे दोन्ही हात धरून, स्वतः उलटी सरकत, तिला अंगणभर फिरवत होती. "खाली नगं बघू गं, माझ्याकडं बघ," म्हणत होती.

सिमल्यात संघ दोन्ही सामने हरला. तेजश्री बाकावरून उठली नाही. परतल्यावर तिच्या अभिनंदनाचा फलक एसटी स्टँडसमोर लागला, सत्कार झाला. बाईंनाही शाल मिळाली. ती खांद्यावर पडत असताना त्यांनी समोर पाहिलं, तर पुढच्याच रांगेत अंकिता टाळ्या वाजवत होती.

"आता ह्यो कागद रजिस्टरला लावा," मल्हारी म्हणाला. "म्हंजी पुढल्या वर्साला कुणी बोट दाखवणार न्हाई. आमाला बर्फ म्हंजी गोळेवाल्याचा ठावा. पोरीला तरी खरा बघू द्या."

बाईंनी दाखला पुन्हा वाचला. शाळेतल्या एक जून एकोणनव्वद या तारखेप्रमाणे अंकिताला वयोमर्यादेत अजून एक वर्ष मिळत होतं. या कागदाने ती साडेसहा महिन्यांनी मोठी ठरत होती. पुढच्या वर्षी तिचं नाव यादीत बसलंच नसतं.

"मल्हारीभाऊ, हा परत न्या."

"का? खोटा हाय व्हय?"

"खरा आहे. पण हा लावला तर पुढच्या वर्षी तिचं वय जास्त भरेल. शाळेत एक जूनच राहू द्या."

"आवं, एक जून चालली न्हाई म्हणून तर..."

तो थांबला. बाई टेबलाच्या कडेचं रोगण नखाने खरवडत राहिल्या.

"चालत हुती?"

"चालत होती."

मल्हारीने टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली.

"म्या पोरीपुढं हात जोडलं, बाई," तो म्हणाला. "म्हणलं, बाप अडाणी म्हणून तुझं गेलं. ती रडली. मला म्हणली, आसू द्या, दादा."

तो उठला.

"कागद हितंच ऱ्हाऊ द्या. लावायचा का न्हाई, तुम्ही ठरवा. मागल्या बारीला बी तुम्हीच ठरवलं."

आवाज चढला नव्हता. जाताना त्याने दार हळू ओढून घेतलं.

खिडकीतून चाकांचा आवाज येत होता. बाई कागद हातात घेऊन बाहेर आल्या. अंकिता पाचवीच्या मुलींना वळण घ्यायला शिकवत होती. बाईंना पाहताच ती सरळ पायरीपर्यंत आली आणि पुढचं रबर घासत अलगद थांबली.

"बाई, एक विचारू? आपल्या स्केटला पुढं रबर असतं. बर्फावरच्याला नुसतं पातं. मग तिथं थांबत्यात कसं? तेजूला विचारलं, ती म्हणली बाईंना विचार."

"बस इथं."

बाई स्वतः आधी पायरीवर टेकल्या. अंकिता शेजारी बसली आणि वाकून स्केटची नाडी सोडायला लागली.

"थांबायचं नंतर सांगते," बाई म्हणाल्या. "आधी तुझं नाव यादीतून कुणी काढलं ते ऐक."

नाडीवरची तिची बोटं तिथंच राहिली.